सईला, टाईलबरोबर

अ‍ॅमस्टलवेन, रविवार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

बाबा काल डेल्फ्टला जाऊन आपण त्या दिवशी रंगवलेल्या टाईल घेऊन आले. भट्टीतून निघाल्या एकदाच्या. तुझी टाईल या पत्राबरोबर पाठवते आहे. आजीच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळली आहे आणि वर खाजं भरलंय, तेव्हा डबा आडवा धरू नकोस. टाईलबद्दल एक गोष्ट तुला सांगून टाकायची आहे, ती शेवटी येईल. आधी पत्र वाच, मग टाईल उघड.

डेल्फ्टच्या म्युझियममध्ये तू विचारलेल्या त्या प्रश्नाला मला तिथे उत्तर सुचलं नाही, आणि नंतर फोनवर तू विषय काढू दिला नाहीस. काचेच्या कपाटात दोन निळ्या-पांढऱ्या बशा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, एक चीनमधली, एक डेल्फ्टची. तू दोन्हींकडे बराच वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, "म्हणजे ही सगळी कॉपीच ना, आई? आणि यांचं म्युझियम झालं." पुढचं वाक्य तू गिळलंस. तुझं दुखणं बशांचं नाही हे मला तेव्हा कळलं.

गंजिफांवरून, आपल्या सावंतवाडीच्या त्या गोल पत्त्यांवरून, केलेली तुझी पोस्टर्स तुझ्या शिक्षकांनी सगळ्या वर्गासमोर बाजूला सारली आणि "हे दुसऱ्याचं आहे, यात तू कुठे आहेस?" असं विचारलं, एवढं तू मला आदल्या आठवड्यात एका दमात सांगितलं होतंस. मी "जाऊ दे गं" म्हणाले. ते माझं चुकलं. जाऊ देण्यासारखी ती गोष्ट नव्हती. गेले दोन आठवडे रात्री मागचं आवरलं की मी लायब्ररीतली पुस्तकं घेऊन बसते आहे. डिझाईनमधलं मला काही कळत नाही. पण त्या बशांचं मला आता थोडंफार कळलंय, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

स्टेशनपासूनच सुरुवात करते. तू तुझ्या गाडीनं आलीस, आम्ही आमच्या, आणि जिन्यावरून वर आलो तेव्हा तू आजीला वर बघायला सांगितलंस. सबंध छतावर निळ्या-पांढऱ्यात गावाचा जुना नकाशा, १८७७ सालचा. ओम मान वाकडी करून कालवे मोजत होता. आजी म्हणाली, एवढा मोठा नकाशा छताला लावलाय म्हणजे या लोकांचं गावावर प्रेम दिसतंय. डेल्फ्ट हे नावच खणण्यावरून आलेलं. डचमध्ये खणण्याला डेल्व्हन म्हणतात. कालवा खणला, त्याच्या काठाला वस्ती झाली, आणि वस्तीला खणण्याचंच नाव पडलं. मला हे फार आवडलं, कारण पुढे या गावाचं नाव झालं तेही मातीच्याच कामानं.

त्या जुन्या कालव्याच्या, आउडे डेल्फ्टच्या काठानं जाताना बाबांनी एका इमारतीपुढे सगळ्यांना थांबवलं तेव्हा तुझं लक्ष फोनमध्ये होतं आणि ओमला भूक लागली होती. ते डच ईस्ट इंडिया कंपनीचं घर. १६०२ मध्ये कंपनी निघाली तेव्हा तिच्या सहा शाखा होत्या, त्यातली एक डेल्फ्टची. बाबांनी हे सांगितल्यावर आजी पुढे झाली. "म्हणजे आमच्या वखारवाल्यांचां घर ह्यां?" असं म्हणून तिनं भिंतीवर तळहात टेकवला. तसाच थोडा वेळ ठेवला.

वेंगुर्ल्याची डच वखार तू पाहिली आहेस, सात वर्षांची होतीस तेव्हा. छप्पर गेलेलं, जांभ्याच्या भिंती, भिंतीतून उतरलेली झाडांची मुळं. १६३७ मध्ये कंपनीनं तिथे बस्तान बसवलं, गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवता यावी म्हणून. आजी लहानपणी त्या भिंतींआड लपंडाव खेळलेली. तिला आयुष्यभर त्या वखारीचं एक टोक माहीत होतं, दुसरं टोक तिनं त्या दिवशी पाहिलं. मी तिचा फोटो काढायला विसरले, याची मला आता हळहळ वाटते.

पण सई, त्या कंपनीबद्दल फक्त कौतुकानं बोलणं बरोबर नाही. पहिली चिनी भांडी या देशात मोठ्या संख्येनं आली ती लुटीची होती. १६०२ मध्ये एक आणि १६०३ मध्ये दुसरं, अशी चीनकडच्या मालानं भरलेली पोर्तुगीज जहाजं डचांनी धरली. दुसऱ्याचं नाव सांता कातारिना, ते सिंगापूरजवळ पकडलं. माल इथे आणून लिलावात विकला आणि लोकांनी त्यावर उड्या घातल्या. आपण बाजारचौकात ज्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून डबा खाल्ला, तो हुगो ग्रोटियसचा. डेल्फ्टमध्येच जन्मलेला मोठा कायदेपंडित. ती जहाज-लूट कायद्यात कशी बसते हे कंपनीनं त्याच्याकडूनच लिहून घेतलं होतं. पुढे १६२१ मध्ये याच कंपनीनं जायफळासाठी बांदा बेटांवरची जवळजवळ सगळी वस्ती मारली, गुलाम केली किंवा देशोधडीला लावली. निळ्या बशा बघताना हेही डोळ्यांपुढे असावं असं मला मनापासून वाटतं.

आता बशा. तेव्हाच्या युरोपातली भांडी जाड, जड, मातकट. आणि त्यात हे चिनी भांडं आलं, पोर्सेलिनचं. पातळ, पांढरंशुभ्र, उजेडात धरलं तर पलीकडच्या बोटाची सावली दिसणारं, टिचकी मारली की नाद करणारं. त्याला केओलिन नावाची पांढरी माती लागते आणि भट्टीची धग साधारण १३०० अंशांपर्यंत न्यावी लागते. ही विद्या युरोपला अठरावं शतक उजाडेपर्यंत जमली नाही. जर्मनीत माइसनला १७१० मध्ये पहिला कारखाना निघाला तेव्हा कुठे. आपण मराठीत कपबशीपासून बरणीपर्यंत सगळ्याला सरळ चिनी माती म्हणतो. डेल्फ्टचे कुंभारही आपल्या भांड्यांना पोर्सेलिनच म्हणायचे. नाव होतं, माती नव्हती.

त्यांच्याकडे होती ती कालव्याकाठची चिकणमाती. तीत चुनखडीची माती बाहेरून आणून मिसळायची. भाजली की ती पिवळसर होते, आपल्या भाकरीच्या रंगाची. तिला पांढरं कसं करायचं? इथेच आजीनं मला चकित केलं. तू तेव्हा पुढच्या दालनात गेली होतीस. मी पाटीवरचं वाचून तिला सांगत होते की ही झिलई पांढरी होते ती कथलामुळे. ती एकदम म्हणाली, "कथील? म्हणजे कल्हयच मगे ती!"

तू कल्हई कधी बघितली नाहीस. आमच्या लहानपणी कल्हईवाला यायचा, अंगणात खड्डा करून भाता लावायचा. पितळेचं पातेलं निखाऱ्यावर तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं गरागरा फिरवायचं. बघता बघता पातेलं आतून चांदीचं. मग पाण्यात बुडवलं की चर्र आवाज. आम्ही पोरं त्या आवाजासाठी थांबून राहायचो. तेच कथील इथे वेगळं वागतं. कथील आणि शिसं जाळून त्यांची राख करायची, ती काचेच्या भुकटीत दळून पाण्यात कालवायची, आणि एकदा भाजलेली बशी त्या दुधासारख्या पाण्यात बुडवून काढायची. माती पाणी पिऊन टाकते, वर पांढरी पूड बसते. त्या कोरड्या पुडीवर कोबाल्ट नावाच्या धातूच्या रंगानं चित्र काढायचं. कुंचला टेकला की रंग आत शोषला जातो, पुसता येत नाही, खोडता येत नाही. मग वरून एक पारदर्शक झिलई देऊन पुन्हा भट्टीत. पितळेवर जे चांदीसारखं चमकतं ते मातीवर दह्यासारखं पांढरं होतं. आजी त्यानंतर प्रत्येक बशीपुढे थांबून "कल्हय बरी बसली हा" असं म्हणत होती, आणि मला वाटतं तिच्याइतकं नेमकं त्या दालनात कुणी बघत नव्हतं.

तू सकाळी कालव्याकाठच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात बाबांनी घेतलेली टाईल नीट बघितली नाहीस. ती आता माझ्यासमोर टेबलावर आहे. हाताच्या पंजाएवढी, जेमतेम १३ सेंटिमीटर, मधोमध काठ्यांच्या उंच पायांवर चालणारा एक मुलगा. चार रेघांत काढलाय. एक हात उगाच हवेत, तोल जाईल की काय असं वाटतं. टाईलच्या दोन कोपऱ्यांत टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत. विकणाऱ्या बाईंनी ती नखानं दाखवली. ओल्या मातीवर लाकडी चौकोन ठेवायचा, तो हलू नये म्हणून त्याला खिळे, आणि कडेनं सुरी फिरवायची. खिळ्यांच्या त्या खुणा राहून गेल्या. एक कोपरा तुटलेला म्हणूनच ती आपल्या खिशाला परवडली, आणि मला तो तुटका कोपराच सगळ्यात जास्त आवडतो. तिथे पांढऱ्याचा थर नखाहून पातळ दिसतो, आणि त्याखाली ती पिवळट, भुसभुशीत माती. चिनी भांडं फुटलं तर आतपर्यंत पांढरंच निघतं. हे फुटलं की आपली माती दाखवतं.

अशा टाईल लोक भिंतीच्या पायथ्याशी लावायचे, झाडू-पोतेऱ्यानं भिंत खराब होऊ नये म्हणून. चित्रकार व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्रात खाली अशीच रांग आहे, पुढच्या वेळी बघ. तोही डेल्फ्टचाच. १६५३ मध्ये तो चित्रकारांच्या संघात दाखल झाला, आणि भांडी करणारेही त्याच संघाचे सभासद असायचे. (टाईलना सगळे डेल्फ्टच्या म्हणतात, पण बहुतेक बनायच्या रॉटरडॅम, हार्लिंगेन, मक्कुम अशा दुसऱ्याच गावांत. नाव मात्र डेल्फ्टचं झालं.)

तर तुझा प्रश्न. कॉपी होती का? होती, सई. अगदी उघड होती. १६२० मध्ये चीनचा वानली बादशहा वारला, तिथे धामधूम सुरू झाली, १६४४ मध्ये मिंग घराणंच गेलं आणि जिंगदेजेन या तिथल्या कुंभारांच्या गावातल्या भट्ट्यांचा माल यायचा थांबत गेला. गिऱ्हाईक तर सवयीचं झालेलं. डेल्फ्टच्या कुंभारांनी ती जागा घेतली. गावात पूर्वी बिअर गाळण्याचे कारखाने चिकार होते, तो धंदा बसत चालला होता. रिकाम्या जागांत भट्ट्या आल्या, काहींची जुनी नावंही तशीच राहिली. मोर, गुलाब, तीन घंटा, पांढरा तारा, धातूचं भांडं. कुंभाराच्या भट्टीला मोर हे नाव, मला वाचताना फार गोड वाटलं. १६५४ च्या ऑक्टोबरात दारूगोळ्याचं कोठार उडून गावाचा मोठा भाग जमीनदोस्त झाला, शंभराहून जास्त माणसं गेली, तरी हे काम वाढतच राहिलं. शतकाच्या शेवटी तीसहून जास्त कारखाने होते.

ज्यांनी चीन कधी पाहिला नव्हता ते चिनी बागा काढत होते. त्यांनी उघड्यावर केलं, लपवलं नाही. पण हळूहळू त्या बागेत काय काय शिरलं बघ. पवनचक्की आली, गाय आली, बर्फावर घसरणारी माणसं आली, काठ्यांवर चालणारा आपला मुलगा आला. ट्युलिपसाठी नळ्या-नळ्यांची ती मनोऱ्यासारखी फुलदाणी तू बघत उभी होतीस, ती या मातीतली.

आणि आता मला सगळ्यात नवल वाटलेली गोष्ट. फ्रेडरिक व्हान फ्रायटॉम नावाचा एक जण डेल्फ्टच्या बश्यांवर इथली साधी निसर्गचित्रं काढायचा. झाडं, वाट, आभाळ. जपानमध्ये अरिताच्या कुंभारांनी त्या बश्या बघून तशाच बश्या खऱ्या पोर्सेलिनमध्ये केल्या. चीनमध्येही डेल्फ्टचे आकार बघून माल बनायला लागला. म्हणजे कुणी कुणाची कॉपी केली म्हणायची?

मागे गेलं तर आणखी गुंता. कथलाची पांढरी झिलई मुळात डेल्फ्टची नाहीच. नवव्या शतकात इराकमधल्या बसऱ्याच्या कुंभारांनी चीनहून आलेली पांढरी भांडी पाहिली, त्यांच्याकडेही ती माती नव्हती, म्हणून त्यांनी कथील घालून पांढरं केलं आणि त्यावर निळ्यानं काढलं. तिथून ती रीत अरबांबरोबर स्पेनला, स्पेनहून इटलीला, इटलीच्या कुंभारांबरोबर अँटवर्पला, आणि १५८५ मध्ये अँटवर्प स्पेनच्या हाती पडल्यावर पळून आलेल्या कारागिरांबरोबर इकडे उत्तरेत. आणि चौदाव्या शतकात जिंगदेजेनची भांडी निळी झाली, तेव्हा तो निळा रंग इराणहून जायचा. ज्या बशीला तू अस्सल म्हणालीस तिच्यातला निळा रंगसुद्धा पाहुणाच.

मग मला तुझ्या गंजिफांची आठवण झाली. गंजिफा इराणकडून मुघलांबरोबर आला. त्यांचा डाव आठ रंगांचा, ९६ पत्त्यांचा. आपल्याकडे त्याचे दहा रंग झाले, दहा अवतार, १२० पत्ते. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून गोल पत्ते केले, त्यावर मत्स्य, कूर्म, वराह काढले, लाखेचा हात दिला. आज कुणी सावंतवाडीला विचारतं का, यात तुम्ही कुठे आहात?

तरीही सई, तुझ्या शिक्षकांचा प्रश्न मी खोडून काढणार नाही. ज्या पद्धतीनं विचारला, सगळ्यांसमोर, तुला मान खाली घालायला लावून, ते मला अजिबात पटलेलं नाही. पण प्रश्न वाईट नव्हता. तू पाठवलेली पोस्टर्स मी पुन्हा काढून बघितली. दशावतार हुबेहूब उतरलेत. इतके हुबेहूब की मला सावंतवाडीचा राजवाडा दिसला, तुझी खोली दिसली नाही. तुझ्या खिडकीखालचा तो कालवा, तुझी सायकल, पहिल्या हिवाळ्यात तू एकटी रडलीस ती रात्र, यातलं काही मत्स्याच्या आसपास फिरकलंच नाही. डेल्फ्टवाल्यांचंही सुरुवातीला असंच असणार. वर्षानुवर्षं ते परक्या बागा गिरवत राहिले, आणि गिरवता गिरवता गाय आली. तू अठरा वर्षांची आहेस. तुझी गाय अजून यायची आहे.

कारखान्यातल्या त्या चित्रकार बाईंच्या टेबलापाशी तू किती वेळ उभी होतीस ते मी पाहिलंय. टोचून भोकं पाडलेला कागद बशीवर ठेवायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची, ठिपके उमटतात. आजी लगेच म्हणाली, ही तर ठिपक्यांची रांगोळी. त्या ठिपक्यांवरून काळा रंग फिरतो. हो, काळा. भट्टीत गेल्यावर निळा होतो. ठिपके सगळ्यांना तेच. पण एक रेघ किती जाड उतरवायची, पाण्याची छटा कुठे सोडायची, हे हातावर. म्हणून प्रत्येकीला बशीमागे आपली सही करता येते.

हा कारखानाही गंमतच आहे. १६५३ मध्ये सुरू झालेला, पोर्सेलिनची बाटली असं त्याचं नाव. माइसनचं पोर्सेलिन आणि इंग्लंडची स्वस्त भांडी आल्यावर गावातले सगळे कारखाने एकेक करून बंद पडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा एकटा उरला होता, आणि निळं चित्रकाम तोही विसरल्यातच जमा होता. १८७६ मध्ये योस्ट थोफ्ट यांनी तो विकत घेतला आणि जुन्या बश्या पुढ्यात ठेवून काम पुन्हा उभं केलं. माती नवीन घेतली, पद्धतही बदलली. आपण ज्याला डेल्फ्टचं निळं म्हणतो ते आज टिकलंय ते डेल्फ्टनं स्वतःचीच नक्कल केली म्हणून.

बाकी दिवसाबद्दल काय लिहू, तू होतीसच. बाबा आणि ओम नव्या चर्चच्या मनोऱ्याच्या ३७६ पायऱ्या चढून आले, ओमचे पाय दुसऱ्या दिवशी दुखत होते. जुन्या चर्चमध्ये व्हर्मीरच्या कबरीची फरशी तू शोधून काढलीस. आजीनं पॉफर्चेस खाऊन "आप्यांसारखे" असा निर्वाळा दिला.

आता टाईल. कार्यशाळेत तू फोन बाजूला ठेवून, कुठलाही ठसा न घेता मासा काढायला बसलीस. मी मुद्दाम तुझ्याकडे बघत नव्हते, पण दिसत होतं. डोकं आणि डोळा झाला, पोटापर्यंत खवले आले, आणि रेघ वाकडी गेली. ती पुसता येत नाही कळल्यावर तू कुंचला ठेवलास आणि बाहेर कालव्यावर जाऊन उभी राहिलीस. मी मागे यावं की नाही ते मला समजेना. मी आले नाही.

तू बाहेर असताना आजीनं तुझी टाईल आपल्यापुढे ओढली. तिची स्वतःची झाली होती, तुळशीवृंदावन काढलं होतं तिनं. मी "अगं, तिची आहे" म्हणेपर्यंत तिनं कुंचला रंगात बुडवला होता. "अर्धो मासो असोच कसो ठेवतलंय?" म्हणाली. तिनं शेपूट काढलं, एक पर काढला आणि खाली पाण्याच्या तीन रेघा. साठ वर्षं रांगोळी घातलेला हात तो, कुंचल्यातही रांगोळीच उतरली. तुला न विचारता झालं हे. तुला राग आला तर तो माझ्यावर काढ, तिच्यावर नको.

काल बाबांनी कागद सोडला तेव्हा मी आधी तुझीच टाईल उचलली. तुझी रेघ बारीक आणि फिकी, थोडी घाबरलेली. जिथे ती थांबली तिथून आजीची सुरू होते, जाड, गडद, एका ठिकाणी रंग जरा ओघळलाय. आणि तुझी ती वाकडी रेघ होती ना, पोटाखालची, आजीनं तिला तसंच पुढे ओढून पाण्याची पहिली रेघ केली आहे. डोळा मात्र अगदी तुझा. त्या पत्त्यावरच्या मत्स्याचा नाही. तो मला त्या दिवशी पुलाखाली स्थिर उभ्या असलेल्या माशासारखा वाटतो, ओमनं दाखवला होता तो.

आजी या महिन्याच्या अखेरीस परत निघते. त्याआधीच्या शनिवारी ये, बांगड्याचं तिखलं करायचं तिनं ठरवलंय. आणि तुझी पोस्टर्स घेऊन ये, सगळी. तिला बघायची आहेत. कूर्माच्या पाठीवरची नक्षी तू उलटी काढली आहेस असं तिचं म्हणणं आहे, आणि ते फोनवर सांगता येत नाही म्हणते.

तुझी,
आई

ता. क. डबा आठवणीनं परत आण. साडीचा तुकडा मात्र ठेवून घे, तिनं तो तुझ्यासाठीच फाडलाय.